न झालेल्या कायद्याची साक्ष

विधेयकावर साक्ष द्यायला नाव नोंदवायचं यंत्र होतं, त्याच्या स्क्रीनवर तीन पर्याय होते: ‘फॉर’, ‘अगेन्स्ट’ आणि ‘ऑन’. पहिले दोन कळले, तिसऱ्यापाशी बोट थांबलं. मागे उभ्या असलेल्या बाईंनी न विचारताच सांगितलं, की ‘ऑन’ म्हणजे ना बाजूने ना विरोधात, नुसतंच विषयावर बोलायचं. मी ‘अगेन्स्ट’ दाबलं. पुढचा रकाना, कोणाच्या वतीने? तिथे ‘सेल्फ’. नागरिक आहात का, व्हिसा कोणता, असलं काही त्या यंत्राने विचारलंच नाही. आदल्या रात्री मला धास्ती होती ती नेमकी त्याच प्रश्नाची.

मार्च २०२३ मधली, ऑस्टिनच्या टेक्सास विधानभवनातली ही गोष्ट. फोटोत दिसते ती गुलाबी ग्रॅनाइटची घुमटवाली इमारत वर राहते. समित्यांच्या सुनावण्या बहुतेक जमिनीखाली बांधलेल्या मजल्यांवर होतात. एअरकंडिशनर इतका गार की मी ओढणी दोन वेढे घेऊन बसले होते.

विधेयक होतं एचबी २१२७. सरकारी नाव लांबलचक आणि निरुपद्रवी, त्यात ‘कन्सिस्टन्सी’ म्हणजे एकसारखेपणा असा शब्द. विरोधकांनी त्याला ‘डेथ स्टार’ म्हणायला सुरुवात केली होती. सिनेमातलं ते अख्खा ग्रह एका फटक्यात उडवणारं यंत्र. लबकचे आमदार डस्टिन बरोज यांनी ते मांडलं होतं. मतलब एवढाच, की शेती, वित्त, विमा, श्रम, मालमत्ता वगैरे विषयांत राज्याने मुभा दिली नसेल तर शहराने स्वतःचा नियम करायचा नाही. केलाच तर ज्याला त्याचा जाच होतो तो शहराला कोर्टात खेचू शकतो. श्रमाच्या कलमात तर यादीच दिली होती: रजा, भरती, कामातली विश्रांती, लाभ, आणि शिफ्ट लावण्याच्या पद्धती. मी आले होते ती त्या शेवटच्या बाबीसाठी.

आमच्या घरात ‘ड्युटी लागली’ हे शब्द माझ्या जन्माआधीपासूनचे. अण्णा एसटीत कंडक्टर, बार्शी डेपोला. उद्या कुठली गाडी, मुक्कामी आहे का, हे कळल्याशिवाय आईची रात्रीची कणीक मळली जायची नाही. एक डबा की दोन, ते ड्युटीवर ठरायचं. त्यामुळे अमेरिकेत येऊन दुकानात उभं राहायची पाळी आली तेव्हा शिफ्ट बदलतात याचं मला काही नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते सिएटलमध्ये. तिथे शिफ्ट बदलली म्हणून मॅनेजरने मला पैसे दिले.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सिएटलजवळ रेडमंडला होतो. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, कामाची परवानगी मिळाल्यावर २०१९ मध्ये मी एका मोठ्या साखळीच्या कपड्यांच्या दुकानात लागले. दुकान सिएटल शहराच्या हद्दीत होतं. ही हद्द महत्त्वाची. त्याच साखळीचं बेल्व्यूला, तळ्याच्या अलीकडे, घराजवळ दुकान होतं. मला तिथेच हवं होतं, पण जागा नव्हती. म्हणून रोज तळ्यावरच्या ५२० नंबरच्या रस्त्याच्या पुलावरून जायचे आणि कुरकुरायचे. वर्षभराने कळलं की पुलाच्या पलीकडे जाण्यात माझा किती फायदा होता.

सिएटलने २०१६ मध्ये एक नियम केला, तो जुलै २०१७ पासून लागू झाला. जगभरात मिळून ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या किरकोळ विक्रीच्या आणि खाण्यापिण्याच्या साखळ्यांनाच तो लागू. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला नाही. शिफ्टचा तक्ता १४ दिवस आधी लावायचा. लावल्यानंतर मालकाने वेळ बदलली किंवा तास वाढवले तर एका तासाचा जादा पगार. लवकर घरी पाठवलं तर बुडालेल्या तासांचा अर्धा पगार. तक्त्यात नसलेल्या वेळेला यायला कामगार नाही म्हणू शकतो, आणि त्याबद्दल मालकाला त्याच्यावर काही कारवाई करता येत नाही. रात्री दुकान बंद करून सकाळी तेच उघडायला यायचं असेल तर मध्ये १० तास हवेत. कमी पडले तर तेवढ्या तासांना दीडपट.

पहिल्यांदा तो जादा तास पगाराच्या चिठ्ठीत दिसला तेव्हा मला चूक वाटली. मी प्रामाणिकपणे मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, मंगळवारी तुला दुपारऐवजी सकाळी बोलावलं ना, त्याचे.

सगळं गोडच होतं असं मात्र नाही. आमच्यात एक कॉलेजचा मुलगा होता. त्याला आयत्या वेळचे तास हवे असायचे आणि मॅनेजर आता हात आखडता घ्यायचा, दंड बसेल म्हणून. कोणी आजारी पडलं की सगळ्यांना एकच मेसेज जायचा, ‘कोणाला यायचंय?’ आपण होऊन गेलं की जादा तास नाही. माणूस वाट काढतोच. पण दोन आठवड्यांचा कागद फ्रिजवर चिकटवलेला असायचा आणि मुलीला बालवाडीतून कोण आणणार हे त्या कागदावरून ठरायचं. घरात भांडणं कमी झाली, हे मी अगदी खात्रीने सांगते.

मध्ये कोविड, दुकान बंद, सगळं विस्कटलं. २०२१ च्या शेवटी नवऱ्याची बदली ऑस्टिनला झाली. राहायला राउंड रॉक, काम ऑस्टिनच्या हद्दीतल्या एका घरसामानाच्या दुकानात. ही साखळी वेगळी, पण तीही देशभर पसरलेली.

इथे पुढच्या आठवड्याच्या शिफ्टा गुरुवारी संध्याकाळी ॲपवर यायच्या. आठवडा रविवारी सुरू. म्हणजे तीन दिवस. आल्यावरही त्या स्थिर नसत. गिऱ्हाईक किती येणार याचा अंदाज कुठलंसं सॉफ्टवेअर बांधायचं आणि त्याप्रमाणे चौकोन हलायचे. हिरवा असला की तुझी शिफ्ट, राखाडी झाला की गेली. शनिवारी रात्री पावणेदहाला फोन वाजला की माझ्या पोटात खड्डा पडायचा. रात्री अकराला शटर ओढायचं आणि सकाळी सहाला माल उतरवायला हजर. याला इथे ‘क्लोपनिंग’ म्हणतात, क्लोजिंग आणि ओपनिंग जोडून. शब्द इतका गोंडस आहे की चीड येते.

फेब्रुवारीतला एक शनिवार विसरणार नाही. नवरा गावात नव्हता. मुलीला एका गुजराती मावशींकडे सोडलं. त्या घरीच मुलं सांभाळतात. पाच तासांचे पैसे आगाऊ. पंचवीस मिनिटं गाडी चालवून पोचले, एप्रन बांधला, एक तास झाला आणि सुपरवायझर म्हणाली, ‘आज गर्दी नाही, तू गेलीस तरी चालेल.’ चालेल म्हणजे जा. एका तासाची मजुरी घेऊन पाच तासांचे पैसे देऊन आले. मावशींनी दोन तासांचे परत देऊ केले. मी घेतले नाहीत, आणि गाडीत बसून त्याचाच पश्चात्ताप केला.

त्याच आठवड्यात दुकानाच्या पार्किंगमध्ये एक मुलगी पत्रकं वाटत होती. पत्रक बांधकाम मजुरांचं होतं. ऑस्टिनने २०१० मध्ये आणि डॅलसने २०१५ मध्ये नियम केलाय, की बांधकामावरच्या मजुराला दर चार तासांमागे दहा मिनिटं विश्रांती द्या. हे नवं विधेयक आलं तर ते नियम जातील, येऊन साक्ष द्या, असं होतं. मी तिला म्हटलं, मी बांधकामावर नाही. तिने पत्रक उलटं केलं आणि मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. ‘स्केड्यूलिंग प्रॅक्टिसेस.’

त्या रात्री वाचत बसले तेव्हा कळलं की टेक्सास यात पहिलं नाही, बरंच मागून आलेलं आहे. मिशिगनने २०१५ मध्ये असंच केलं. आयोवाने २०१७ मध्ये किमान वेतन, शिफ्टचे नियम आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अशी तिन्हींवर एकाच कायद्यात शहरांना मनाई केली. काही काउंट्यांनी, म्हणजे जिल्ह्यांनी, वाढवलेलं वेतन परत ७.२५ डॉलरवर आलं. जॉर्जियाने त्याच वर्षी शहरांना बजावलं की शिफ्ट बदलल्याबद्दल जादा पैसे द्यायला लावायचे नाहीत. ओहायोची गंमत तर विचारू नका. २०१६ च्या शेवटी कुत्र्यामांजरांच्या दुकानांबद्दलचं विधेयक चाललं होतं, त्याच्या पोटात शहरांना कामाच्या तासांचे नियम करायला मनाई करणारं कलम घालून ते पास केलं. २०१८ मध्ये विस्कॉन्सिन. ओरेगॉननेही २०१७ मध्ये हा विषय शहरांच्या हातातून काढून घेतला, पण काढून घेताना स्वतः राज्यभर कायदा केला: आधी सात दिवसांची आगाऊ सूचना, २०२० पासून १४. काढून घ्यायचं तर तसं घ्या ना. टेक्सासमध्ये राज्याचा असा कायदा नाही आणि करायचा विचारही नव्हता.

दादा सोलापूरला महापालिकेत लिपिक आहे. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, “म्हणजे ठराव विखंडित केला म्हण की.” आपल्याकडे महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकार महापालिकेचा ठराव निलंबित करू शकतं, रद्दही करू शकतं. त्याची सगळी नोकरी असल्या फायलींत गेली आहे.

“पण ठराव कुठला होता?” त्याने विचारलं.

“ठरावच झाला नव्हता. ऑस्टिनने शिफ्टचा नियम कधी केलाच नाही.”

“अगं मग विखंडित काय केलं?”

मला उत्तर देता आलं नाही. तिथूनच माझी साक्ष अडखळायला लागली होती, हे नंतर ध्यानात आलं.

जायचं ठरवलं खरं, पण त्या दिवशी माझी शिफ्ट. इथे एक मौज सांगते. विधानसभेच्या नियमाप्रमाणे अधिवेशनात जाहीर सुनावणीची सूचना पाच दिवस आधी लावावी लागते. आमदारांना पाच दिवस, मला तीन. सुट्टी मागितली असती तर हजेरीत दंडाचा पॉइंट लागला असता. शेवटी कॅशवरच्या मेक्सिकन बाईंनी माझी शिफ्ट घेतली आणि बदल्यात मी त्यांची रविवार रात्रीची घेतली. सोमवारी सकाळी सहाला मीच होते. म्हणजे क्लोपनिंगविरुद्ध बोलायला जाण्यासाठी मी क्लोपनिंग केलं. त्या बाई पोट धरून हसल्या. त्यांची बावीस वर्षं त्या उद्योगात गेली होती. म्हणाल्या, ‘जा, पण सँडविच घेऊन जा, तिथे नंबर कधी लागेल सांगता येत नाही.’

खरंच सांगता येत नव्हतं. समितीपुढे त्या दिवशी विधेयकं अनेक, आणि क्रम अध्यक्ष ठरवणार. मी सकाळीच नोंद केली होती. दुपार झाली तरी आमचं विधेयक निघेना. उठून बाथरूमला जायचीही भीती, तेवढ्यात नाव पुकारलं तर? मला वाटलं, हीसुद्धा ऑन-कॉल शिफ्टच की, बिनपगारी. मुलीला आणायला शेजारच्या तेलुगू बाईंना दोनदा फोन झाला.

अखेर विधेयक पुकारलं. बाजूने बोलणाऱ्यांचा एक शब्द सारखा यायचा: ‘पॅचवर्क’. प्रत्येक शहराचा वेगळा नियम, म्हणजे ठिगळंच ठिगळं, धंदेवाल्याने करायचं काय? ठिगळं हा शब्द त्यांना इतका वाईट का वाटतो, असं मनात आलं; माझ्या आजीने त्याच ठिगळांच्या गोधड्या शिवून लग्नं लावली. पण एका माणसाचं बोलणं मला पटलं. त्याचं एअरकंडिशनर दुरुस्तीचं छोटं काम, दहा-बारा माणसं, दिवसाला तीन गावांत गाड्या जातात. ‘मला वकील परवडत नाही,’ तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. फक्त त्याच्या पाठीआड जगभर दुकानं असलेल्या कंपन्या उभ्या होत्या आणि त्यांना वकील परवडतात, हे त्याने सांगितलं नाही. सिएटलचा नियम त्याला लागूच झाला नसता.

विरोधातले मजूर एकामागून एक आले. एकाने शिरस्त्राण टेबलावर ठेवलं. ऑगस्टमध्ये छपरावर काम करताना काय होतं ते दुभाष्यामार्फत सांगितलं. दहा मिनिटं पाणी प्यायला मिळतात, ती काढून घेऊ नका. इतकं सरळ. दहा मिनिटं आहेत, ती जाणार आहेत. ऐकणाऱ्याला दिसतं.

माझं नाव पुकारलं, म्हणजे पुकारल्यासारखं केलं. आडनावावर अध्यक्ष अडले, मी हात वर केला. तीन मिनिटं, समोर छोटे दिवे, हिरवा, पिवळा, लाल. मी कागद काढला. सिएटलचा तो एक तासाचा जादा पगार सांगितला, फेब्रुवारीतला शनिवार सांगितला, मावशींचे पाच तास सांगितले. आवाज सुरुवातीला कापत होता, मग बसला. पिवळा दिवा लागला तेव्हा मी शेवटच्या वाक्यावर होते.

एका सदस्याने सभ्यपणे विचारलं, “मॅडम, ऑस्टिन शहरात सध्या असा काही नियम आहे का?”

“नाही, सर.”

“टेक्सासच्या कुठल्या शहरात?”

“माझ्या माहितीत नाही.”

“मग हे विधेयक आल्याने तुमच्या नोकरीत उद्या काय बदलेल?”

हाच दादाचा प्रश्न, फक्त इंग्रजीत. मी म्हणाले, “उद्या काहीच नाही.” खोलीत एक-दोघं हसले, वाईटपणाने नव्हे. मग मी म्हणाले, “पण आज मी नगरपरिषदेकडे जाऊन मागू शकते. यानंतर मागायलाही जागा राहणार नाही.” लाल दिवा लागला होता. अध्यक्षांनी आभार मानले.

गाडीत बसल्यावर चांगली उत्तरं सुचली, जशी सगळ्यांना सुचतात. ५,००० च्या वर वस्ती असलेल्या शहराला स्वतःची सनद करून कारभार करायचा अधिकार टेक्सासच्या राज्यघटनेत १९१२ पासून आहे, ते सांगायला हवं होतं. म्हणजे आजवर नियम असा, की राज्याने नको म्हटलं नसेल तर शहर करू शकतं. आता तो उलटा होणार: राज्याने हो म्हटलं नसेल तर करू शकत नाही. आणि हो म्हणायला राज्य भेटणार कधी? दोन वर्षांतून एकदा, १४० दिवसांच्या नेहमीच्या अधिवेशनात. नगरपरिषदेची बैठक तर माझ्या सुट्टीच्या दिवशीही असते, बसने जाता येतं.

त्या रात्री विधेयक ‘लेफ्ट पेंडिंग’ ठेवलं, म्हणजे मत घेतलं नाही. मी भाबडेपणाने खूश झाले. पत्रकवाल्या मुलीने मेसेज केला की हे नेहमीचंच आहे, हुरळू नका. पुढे दोन्ही सभागृहांतून ते पास झालं. जूनमध्ये गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी सही केली, तेव्हा बाहेर उन्हाळा पेटला होता. साहजिकच देशभरच्या बातम्यांत पाण्याच्या सुट्टीचीच चर्चा. शिफ्टांचा उल्लेख यादीत यायचा, शेवटी. त्याबद्दल मला तक्रार नाही. माणूस उन्हात पडतो ते आधी यायलाच हवं.

ह्यूस्टन शहराने दावा लावला, सॅन अँटोनियो आणि एल पासो त्यात आले. कायदा १ सप्टेंबर २०२३ पासून लागू व्हायचा आणि ३० ऑगस्टला ऑस्टिनच्याच ट्रॅव्हिस काउंटीच्या न्यायाधीश माया गेरा गॅम्बल यांनी तो घटनाबाह्य ठरवला. आमच्या ब्रेक रूममध्ये कोणाला याचा पत्ताही नव्हता. मी कॅशवरच्या बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘मग आता शिफ्टा आधी कळणार?’ नाही, म्हटलं. ‘मग?’ मग काही नाही, आता मागता येईल. त्यांनी मान हलवली आणि गाडीतले खोके उतरवायला गेल्या. जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. कायदा बरोबर की चूक यात न शिरता, शहरांना असा दावा आणताच येत नव्हता, असं म्हटलं. मधल्या काळात फ्लोरिडानेही २०२४ मध्ये उन्हापासूनचं संरक्षण आणि शिफ्टांची आगाऊ सूचना, दोन्हींवर स्थानिक नियम करायला बंदी घातली. बरोज २०२५ पासून टेक्सास विधानसभेचे अध्यक्ष आहेत.

मी ते दुकान सोडलं. आता एका शाळेच्या कँटीनमध्ये आहे, साडेसहा ते दीड, वर्षभराचं कॅलेंडर ऑगस्टमध्येच मिळतं. पगार थोडा कमी.

सुनावणीनंतर साक्षीदारांची यादी सरकारी संकेतस्थळावर लागते. तिची पीडीएफ मी तेव्हाच घरच्या ग्रुपवर टाकली होती. आडनावात एक अक्षर चुकलेलं. दादाने अंगठा दाखवला. अण्णांनी दुसऱ्या दिवशी फोन केला, चष्मा लावून, मोठं करकरून वाचलं होतं.

“बाळ, सगळ्यांच्या नावापुढं कंसात कंपन्यांची, संघटनांची नावं हायत,” ते म्हणाले. “तुझ्यापुढं सेल्फ लिवलंय. हे कुठलं खातं?”